पद्मिनीचा पत्रा घरीच घडवताय? आधी हा हिशेब बघा

दाराखालच्या रंगाला फोड आले आहेत, स्क्रूड्रायव्हर टेकवला की आत घुसतो आणि मॅट उचललं की खालची जमीन दिसते. प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फिएट ११०० डिलाइट दारात उभी असेल, तर हे दुखणं तुमच्या ओळखीचं आहे. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकांहून जास्त काळ लोटला. कंपनीचा पत्रा आता मिळत नाही. उरतात तीन वाटा: भंगारातला सुटा भाग, गॅरेजवाल्याला ठेका, नाहीतर घरच्या शेडमध्ये स्वतः पत्रा घडवणं. हा मजकूर तिसऱ्या वाटेने जायचं म्हणणाऱ्यांसाठी आहे. दर महाराष्ट्रातल्या शहरांचे आणि ढोबळ आहेत. तुमच्याकडे दहा-वीस टक्के इकडेतिकडे धरा.

पत्रा हा या कामातला सर्वांत स्वस्त भाग आहे. तुमचं पाकीट रिकामं होतं ते मशिन, डिस्क, गॅस आणि रंगापायी. त्यामुळे "पत्र्याचेच तर पैसे आहेत" असं म्हणणाऱ्या मित्राकडून आधी मशिन उसनं मिळतंय का बघा.

कागद आधी, कटर नंतर

गाडी उघडण्यापूर्वी आरसीची मुदत तपासा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी आणि नंतर दर वेळी ५ वर्षांसाठी असते. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओसमोर प्रत्यक्ष, चालत्या अवस्थेत उभी करावी लागते. तुमची गाडी फ्लोअर कापून स्टँडवर बसलेली असताना मुदत संपली, तर काम होईपर्यंत विलंब शुल्क चढत राहतं: मोटारीला महिन्याला ५०० रुपये. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा शक्य असेल तर नूतनीकरण उरकून मगच कटर हातात घ्या. फॉर्म २५, मूळ आरसी, चालू विमा आणि पीयूसी लागते. ऑगस्ट २०२५च्या दुरुस्तीनंतर २० वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालं आहे. पर्यावरण कर त्याशिवाय. उच्च सुरक्षा नंबरप्लेट अजून बसवली नसेल तर चारचाकीसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी. ती मात्र रंगकाम झाल्यावर लावा, कारण तिचं लॉक एकदा बसलं की प्लेट न मोडता निघत नाही.

आकाराचं काय? गंजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा, त्याच घडणीचा भाग बसवणं म्हणजे दुरुस्ती. मडगार्ड रुंद करणं, छप्पर कापणं, दोन दारांची गाडी करणं हा बदल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करायला मनाई करतं, आणि कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. परदेशी चित्रफितींत दिसणारी घरगुती कारागिरी आपल्याकडे जशीच्या तशी करायला जाऊ नका. रंग बदलणार असाल तर आरसीवर नव्या रंगाची नोंद करून घ्या, नाहीतर प्रत्येक नाकाबंदीला खुलासा द्यावा लागेल.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल, तर आणखी जपा. २०२१च्या नियमांनुसार तिला विंटेज म्हणून नोंदवता येतं: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अर्ज परिवहन पोर्टलवरून, फॉर्म २० मध्ये. सोबत विमा आणि जुनी आरसी. प्रमाणपत्र ६० दिवसांत मिळणं अपेक्षित आहे. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात हवं. म्हणून कापण्याआधी, कापताना आणि जोडल्यावर, प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो ठेवा. मात्र विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. दर रविवारी मुलांना घेऊन फिरायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

चेसिस नंबर कोरलेल्या पत्र्याला कटर लावू नका. तो भागच गंजला असेल, तर आधी पेन्सिल प्रिंट आणि फोटो काढा, आरटीओत लेखी अर्ज द्या आणि उत्तर हाती येईपर्यंत थांबा. भंगारातल्या गाडीचा नंबराचा तुकडा आणून जोडायचा सल्ला कुणी दिला, तर त्या माणसाकडून पत्राही घेऊ नका.

विम्याचं थोडक्यात. थर्ड पार्टी सक्तीचाच आहे. स्वतःच्या नुकसानीचा विमा हवा असेल तर बंद झालेल्या मॉडेलची किंमत कंपनी आणि तुम्ही आपसांत ठरवता, त्यामुळे बिलं जपून ठेवा. चारशे रुपयांच्या डिस्कचंही पक्कं बिल घ्या. पुढे दोन लाखांची किंमत मागताना तेच कामाला येईल.

जागा, वीज आणि शेजारी

गाडीच्या चारही बाजूंना किमान तीन फूट मोकळी जागा, वर छप्पर, खाली सिमेंटची जमीन. सोसायटीचं पार्किंग या कामाचं नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या शेजारच्या गाडीच्या काचेत रुततात आणि ती काच तुम्हाला भरून द्यावी लागते. स्वतंत्र बंगला, गावाकडचं घर किंवा भाड्याचा गाळा बघा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे; ग्राइंडर ती सहज ओलांडतो. रात्री दहानंतर बंदच, दुपारी दोन ते चारही बंद ठेवलात तर पोलिसांपर्यंत तक्रार सहसा जात नाही.

पातळ पत्र्यासाठी एमआयजी वेल्डिंग मशिन कमी करंटवर चालतं, तेवढ्यापुरता १६ अँपियरचा सॉकेट पुरतो. पण त्याच लाइनवर कॉम्प्रेसर सुरू केलात की एमसीबी पडणार. मशिनसाठी थेट बोर्डापासून वेगळी वायर ओढा, चार चौरस मिलिमीटरची. इलेक्ट्रिशियन सामानासह २,५०० ते ४,००० घेईल. आणखी एक सापळा: स्वतःच्या गाडीचं काम घरगुती जोडणीवर चालतं, पण मित्राची गाडी पैसे घेऊन घेतलीत की तो व्यावसायिक वापर झाला. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

हत्यारं: कुठे खर्च करायचा, कुठे नाही

एमआयजी मशिन सिंगल फेज, गॅसवर चालणारं, १५,००० ते २५,०००. दुकानदार 'गॅसलेस' पुढे करेल, कारण ते स्वस्त आहे आणि सिलिंडरची कटकट नाही. एक मिलिमीटरच्या आतल्या पत्र्यावर ते भोकं पाडतं आणि शिंतोडे उडवतं. घेऊ नका. साधं आर्क वेल्डिंग तर या पत्र्यावर अजिबात नको. तार ०.८ मिलिमीटरची, पाच किलोचं रीळ घ्या. पंधरा किलोचं रीळ छोट्या मशिनमध्ये मावत नाही, तरी "किलोमागे स्वस्त पडेल" म्हणून गळ्यात मारलं जातं.

सिलिंडर विकत घेण्याआधी गॅसवाल्याकडे अनामत ठेवून मिळतो का विचारा. विकत घेतलात तर त्यावर कोरलेली चाचणीची तारीख बघा. ती उलटलेली असेल तर भरून मिळत नाही आणि चाचणीचा खर्च तुमच्या माथी. एक किलो कार्बन डायऑक्साइडमधून साधारण ५४० लिटर वायू निघतो. मिनिटाला दहा लिटर धरले तर जवळपास तासभर ठिणगी. पातळ पत्र्यावर तुम्ही सेकंद-दीड सेकंदाचे टाके मारणार आहात, त्यामुळे हा तास काही शनिवार-रविवार पुरतो.

चार इंची ग्राइंडर दोन घ्या: एकाला कटिंग डिस्क, दुसऱ्याला फ्लॅप डिस्क. दोन्हींचे मिळून ४,००० ते ६,०००. हातोडे, डॉली, पकडी, क्लॅम्प ६,००० ते ८,०००. क्लॅम्प कितीही घेतले तरी कमीच पडतात. कॉम्प्रेसर दोन अश्वशक्तीचा १२,००० ते १८,०००. सुरक्षेचं सामान ५,००० ते ६,०००: आपोआप काळी होणारी वेल्डिंगची काच, कातडी हातमोजे, कानांचे बूच, धुळीचा चांगला मास्क. दोन हजारांचं एबीसी अग्निशामक नळकांडं आणि शेजारी पाण्याची बादली. एकूण ४४ ते ६५ हजार. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हे सगळं एका फेरीत मिळतं. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी वापरलेले हातोडे आणि डॉली शोधा. जुनं लोखंड बहुधा नव्यापेक्षा सरसच निघतं. मशिन मात्र तिथून घेऊ नका.

पत्रा कोणता, कुठून

मागायचा तो सीआरसी पत्रा, २० गेज, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर. दाराखालच्या पेटीसाठी आणि जॅक लागतो तिथे १८ गेज, सुमारे १.२ मिलिमीटर. मूळ पत्र्याची जाडी व्हर्नियरने मोजून जा, पण रंग खरवडून मोजा. आठ बाय चार फुटांचा एक मिलिमीटरचा पत्रा साधारण २३ किलो भरतो. वजनकाट्यावर उभं राहून खात्री करा, कारण 'एक मिलिमीटर' म्हणून ०.८ चा पत्रा देणं ही जुनी चाल आहे. किलोला ७५ रुपये धरले तर दोन पत्रे ३,५०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ४,२००च्या आसपास. टेम्पोचं भाडं आणि हमाली वेगळी. कळंबोलीच्या पोलाद बाजारात भाव चांगला, पण एक-दोन पत्र्यांना कुणी दाद देत नाही. जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून त्याच्या मालातले दोन मागून घेतलेले परवडतात.

"जीआय घ्या, गंजणार नाही" हा सल्ला ऐकू नका. जस्ताचा थर वेल्डिंगच्या उष्णतेने जळतो आणि त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. जिथे टाका पडला तिथला थर तर गेलेलाच असतो.

भंगाराची वाट पूर्ण सोडू नका. दार, बोनेट आणि डिकीचं झाकण घरी घडवण्याची हौस महागात पडते. ती कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत विचारा. मात्र घाई करा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून नवं भंगार येणं जवळपास थांबलं आहे आणि विक्रेत्यांना ते ठाऊक आहे. जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. टॅक्सीच्या दारांवर पुट्टीचे थर असतात. चुंबक घसरला की भाव पाडा किंवा निघून या.

घरी काय करायचं, बाहेर काय द्यायचं

सरळ घडीचं काम घरी, दोन दिशांना फुगणारं काम बाहेर. फ्लोअरचे तुकडे, दाराखालची पेटी, डिकीची जमीन, दाराच्या खालच्या चार इंचांची पट्टी: हे सगळं घडी घालून होतं. आधी जाड पुठ्ठ्यावर नमुना कापा, गाडीवर लावून बघा, मग पत्र्यावर उतरवा. लांब घड्या स्वतः घालू नका. भोसरी, वागळे इस्टेट, सातपूर, कोल्हापूरचं उद्यमनगर, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत बेंडिंगचं मशिन सापडतं. घडीमागे २० ते ५० रुपये घेतात. तिथेही किमान बिल असतं, बहुधा ५०० ते १,००० रुपये, म्हणून सगळे तुकडे एकदम न्या. रेखाचित्रावर घडी आत की बाहेर हे बाणाने दाखवा. उलटी घडी पडली तर पत्रा तुमचा जातो आणि बेंडिंगचे पैसेही द्यावे लागतात.

मडगार्डचा गोल, हेडलाइटभोवतीची कडा, चाकावरची कमान ही जुन्या डेंटरची कामं. हातोड्याने पत्रा ताणून गोल काढणारे मिस्त्री कमी झालेत, पण आहेत. बस-ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या गल्ल्यांत चौकशी करा. चांगल्या बाजूचं मडगार्ड नमुन्याला न्या. दर नगावर ठरवा, दिवसावर नको. नगाला ५,००० ते १०,००० सांगतील, आणि गाडीवर बसवून दाखवल्यावरच उरलेली अर्धी रक्कम द्यायची असं आधीच बोला.

आता सर्वांत महत्त्वाचं. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालच्या दोन्ही पेट्या एकदम कापल्यात तर गाडी मधून खचते, आणि नवा पत्रा जोडल्यावर दारं कधीच नीट लागत नाहीत. म्हणून एका वेळी एकच बाजू. कापण्याआधी दाराच्या चौकटीत इंची चौकोनी पाइपचा आडवा-तिरपा आधार टाक्यांनी जोडा, गाडी सस्पेन्शनच्या ठिकाणी स्टँडवर टेकवा, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर खडूने लिहा. दार बसवून बघायचं, काढायचं, पुन्हा बसवून बघायचं. पाइपला ६०० रुपये लागतात. ते वाचवणाऱ्यांना नंतर गॅरेजवाला चाळीस हजारांचा आकडा सांगतो.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, पेट्रोलची टाकी काढून शेडबाहेर न्या. रिकामी टाकी जास्त धोकादायक, कारण तिच्यात वाफ असते. सीट, गालिचा, फ्लोअरला चिकटलेलं डांबरी पॅड खरवडून काढा; ते पेटतं आणि धुमसत राहतं. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. टाके इंच-इंच अंतरावर, एकदा इकडे, एकदा तिकडे. सलग रेघ ओढलीत तर पत्रा फुगून डबडब वाजतो. मागे तांब्याची पट्टी धरली तर भोक पडत नाही.

डिस्कचा हिशेब कुणी करत नाही. एका फ्लोअरला २५-३० कटिंग डिस्क आणि डझनभर फ्लॅप डिस्क सहज जातात. तार, गॅस आणि डिस्क मिळून ८,००० ते १०,००० बाजूला ठेवा.

रंगात पैसे बुडतात

उघडा पत्रा कोकणात रात्रीत तांबूस होतो, पुण्यातही पावसाळ्यात फार वेळ लागत नाही. ज्या दिवशी पत्रा घासला त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर मारा. वेल्डिंग जून-सप्टेंबरमध्ये केलंत तरी चालेल, रंग नोव्हेंबरपासून पुढे. इपॉक्सी, पुट्टी, सांध्यांचा सीलर आणि खालचा काळा लेप मिळून ८,००० ते १२,०००. पेटीच्या आतल्या पोकळीत मेणाचा फवारा मारायला विसरू नका. गंज बाहेरून कमी, आतूनच जास्त येतो. जुना रंग सँडब्लास्टिंगने काढायला सपाट पॅनेल देऊ नका. बोनेट आणि छप्पर लाटांसारखं वाकतं. रंग खरवडताना ओल्या पॉलिश पेपरने घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, मुलांना शेडमध्ये येऊ देऊ नका.

शेवटचा पीयू रंग घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचं दुखणं देऊ शकतं, आणि कापडी किंवा साधा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. शिवाय दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर पूर्ण गाडीला दमतो. प्रायमरपर्यंत घरी, पुढचं रंगवाल्याकडे: ५०,००० ते ९०,०००. दर ऐकल्याबरोबर हे विचारा: रबर आणि काचा काढून मारणार की चिकटपट्टी लावून? दारांच्या आतल्या कडा, बोनेटची खालची बाजू, डिकी धरली आहे का? रंग कोणत्या कंपनीचा, किती हात, क्लिअर वेगळा की त्यातच? तुम्ही लावलेली पुट्टी तो पुन्हा काढणार का? या शेवटच्या मुद्द्यावर बिल दहा-पंधरा हजारांनी वाढतं. म्हणून पुट्टीला हात लावण्याआधी त्याला एकदा गाडी दाखवा. उत्तरं कोटेशनवर लिहून घ्या.

रबराच्या बीडिंगला ६,००० ते १०,००० धरा. जुनं रबर परत बसवायचा मोह होतो. पहिल्या पावसात पाणी तुमच्या नव्या फ्लोअरवर साचतं.

बेरीज

हत्यारं ४४ ते ६५ हजार. पत्रा, गॅस, डिस्क, प्रायमर, रबर मिळून २६ ते ३७ हजार. बेंडिंग, दोन गोल मडगार्ड आणि रंग बाहेरून, ६२ हजार ते १ लाख १३ हजार. एकूण १ लाख ३२ हजार ते २ लाख १५ हजार, आरटीओचं शुल्क आणि विजेच्या वेगळ्या वायरचा खर्च सोडून. एवढ्याच कामाला गॅरेजवाला २ ते ३.५ लाख सांगतो आणि अर्धे आगाऊ मागतो. वेळ म्हणाल तर शनिवार-रविवार करणाऱ्याला दोन्ही पेट्या आणि फ्लोअर मिळून तीन महिने, घासकाम आणि प्रायमर आणखी दोन, मिस्त्री आणि रंगवाल्याच्या तारखा धरून एक पूर्ण वर्ष.

एकाच गाडीसाठी सगळी हत्यारं नवी घेणार असाल तर बचतीचा बराच भाग त्यातच जातो. मशिन आणि कॉम्प्रेसर उसने मिळाले, किंवा काम झाल्यावर विकून टाकलेत, तर घरचं काम आणखी स्वस्त पडतं. आणि गंज दाराखालच्या पेटीपलीकडे, पुढच्या सस्पेन्शनच्या बैठकीपर्यंत पोहोचला असेल तर घरी हात घालू नका. ते काम जिगवर गाडी चढवणाऱ्या गॅरेजचं आहे.